एका छताखालचं पहिलं वर्ष

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण त्या अकरा वर्षांत आम्ही नवरा-बायको सलग दोन महिन्यांच्या वर कधी एकत्र राहिलो नव्हतो. हे फौजेत होते. वर्षातून एक मोठी सुट्टी, मध्ये जमलं तर दहा-बारा दिवसांची छोटी. रहिमतपूरच्या आसपासच्या आमच्या गावांत याचं कुणाला काही वाटत नाही. दर दोन घरांआड एक फौजी असतो आणि मागे बायका शेत, जनावरं, पोरंबाळं सगळं रेटतात. मी मूळची सांगलीकडची, माहेर तासगावच्या बाजूला. नर्सिंग मिरजेत शिकले आणि लग्नानंतर साताऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात लागले. रोज एसटीने जाऊन-येऊन नोकरी. घरी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, आणि माझी लेक. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. तिघींचं घर होतं आमचं. त्यात कुठली वस्तू कुठे ठेवायची, उसाची तोड कधी घ्यायची, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं आम्ही दोघी ठरवायचो आणि ह्यांना फोनवर सांगायचो.

मिरजेतल्या माझ्या एका मैत्रिणीने आयर्लंडमध्ये नोकरी धरली आणि तिने माझ्यामागे लकडा लावला. इंग्रजीची परीक्षा मी खरं तर स्वतःला अजमावायला म्हणून दिली. पास झाले. मग मुलाखत झाली. आणि ज्या महिन्यात हे सतरा वर्षांची नोकरी पुरी करून पेन्शनवर घरी आले, त्याच महिन्यात माझं नेमणुकीचं पत्र आलं.

ह्यांचे बेत वेगळे होते. गोठा वाढवायचा, पाच-सहा म्हशी घ्यायच्या. नव्या गोठ्याची आखणीसुद्धा चुना टाकून करून ठेवली होती. मी पत्र घेऊन रानात गेले तेव्हा हे उसाला पाणी पाजत होते. पत्र वाचता येत नव्हतं असं नाही, पण त्यांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं.

"किती वर्षांचं हाय?"

"आधी दोन वर्षांचं. पुढं वाढतं म्हणतात."

सरीत पाणी भरलं तशी त्यांनी फावड्याने माती ओढून ती बंद केली, दुसरी उघडली आणि म्हणाले, "अकरा वर्षं तू माझ्या पोस्टिंगच्या गावांची नावं पाठ करत बसलीस. आता तुझं पोस्टिंग. मी आन् पोरगी येतो मागनं."

"आवं, पण तुमी तिथं काय करणार?"

"फौजीला काम कुणीतरी सांगतंयच."

आत्यांना हे पटलं नाही. "बायकूच्या मागनं बाप्या जातूय, असं कवा ऐकलं न्हवतं बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. नवव्या दिवशी सकाळी बघते तर उन्हात मिरच्या पसरलेल्या. आमच्यासाठी वर्षाची कांदा-लसूण चटणी करायला घेतली होती त्यांनी.

जूनमध्ये मी एकटी गेले. तिकडे गेल्यावर कामाची अजून एक परीक्षा असते, ती झाली. हॉस्पिटलने राहायला दिलेली खोली सहा आठवड्यांपुरतीच होती आणि भाड्याने घर मिळणं म्हणजे तिथे दिव्यच. शेवटी वॉर्डातल्या एका बाईने गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं. साठी ओलांडलेला, बिनलग्नाचा माणूस, ऐंशी गाई. त्याची आई ज्या छोट्या घरात राहायची ते आई गेल्यापासून बंद होतं. त्याने मला घर दाखवलं, खिडकीवरचं जाळं हाताने काढलं आणि विचारलं, "गाईंचा वास चालेल ना?" मी म्हटलं, मी गाई-म्हशींच्याच घरातून आले आहे. तेवढ्यावर त्याने किल्ली दिली.

ऑक्टोबरमध्ये हे आणि लेक आले. विमानतळावर लेक धावत येऊन मला बिलगली. हे ट्रॉली धरून दोन पावलं मागे ताठ उभे राहिले. चार महिन्यांनी भेटत होतो आम्ही. मला वाटलं काही बोलतील. म्हणाले, "पोचलो. सामान पुरं हाय."

सुरुवातीचे दिवस नवलाईत गेले. मग दिवस लहान होत गेले, साडेचारला दिवे लागायला लागले, आणि घरात ह्यांची शिस्त सुरू झाली. पाचला उठायचं. ब्लँकेटच्या चौकोनी घड्या, कडेला कड. बूट दारात एका रेषेत. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला शाळेत जायच्या आधी अंगणात पळायला लावायचे, बाहेर भुरभुर पाऊस असला तरी. माझी ड्युटी बारा तासांची, आठवड्यातून तीन-चार दिवस. मी घरी यायची तेव्हा स्वयंपाक तयार असायचा, ते मात्र खरं. पण डाळ अशी की पलटणीला पुरावी. तीच आम्ही तीन दिवस खायचो. आणि जेवताना हे मला विचारायचे, आज काय झालं, किती पेशंट, उद्याची ड्युटी किती ते किती. प्रेमानेच विचारत असतील. मला वाटायचं, रोजचा अहवाल द्यायला मी बसले आहे.

नोव्हेंबरातल्या एका सुट्टीच्या सकाळी मी पोहे करत होते. लेक टेबलाशी बसली होती. हे बाहेर कपडे वाळत घालतायत असा माझा समज. लेकीने अगदी सहज विचारलं, "मम्मी, पप्पा परत कधी जाणार?"

मी म्हटलं, "कुठे?"

"त्यांची सुट्टी कधी संपते?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिच्या सगळ्या आयुष्यात बाप म्हणजे यायचा आणि जायचा माणूस होता. तो यायचा तेव्हा मटण व्हायचं, नवे कपडे यायचे, आणि महिना-दीड महिन्याने त्याची ट्रंक जीपमध्ये चढायची. हे तिला ठाऊक होतं. हा मुक्काम जरा लांबला होता, इतकंच. मी मागे पाहिलं. हे दारात उभे होते, हातात ओल्या कपड्यांची बादली. त्यांनी बादली खाली ठेवली, बूट घातले आणि चालायला गेले. दुपारी परत आले. त्या दिवसापासून लेकीला पळायला लावणं बंद झालं. घड्या ते स्वतःच घालायला लागले. घर शांत झालं आणि ती शांतता मला शिस्तीपेक्षा जड गेली.

कामाची खटपट चालली होतीच. पहारेकऱ्याच्या नोकरीला त्यांच्याइतका लायक कोण? पण तिथे त्यासाठी परवाना लागतो, परवान्यासाठी वर्ग आणि वर्गात सगळं इंग्रजी. ह्यांना इंग्रजी वाचता येतं, समजतंही बरंच. बोलताना मात्र फौजेतलं हिंदी आधी जिभेवर येतं. दोन दिवस वर्गात बसले आणि तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान हाय. चांगला हाय बिचारा. दर वाक्याला माझ्याकडं बघून हळू बोलतोय. सगळी पोरं मग माझ्याकडं बघत्यात."

इथे माझी चूक सांगायला हवी. बाहेर कुठेही गेलो की ह्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की वाक्य मी पुरं करायची. मला वाटायचं मी मदत करते आहे. डिसेंबरात लेकीला खोकला झाला म्हणून आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. हे काउंटरपाशी पुढे झाले. येताना वाटेत वाक्य मनात घोळवत होते, ते मला दिसत होतं. "माय डॉटर," असं म्हणून क्षणभर थांबले, आणि मी मागून पुढचं सगळं घडाघडा बोलून टाकलं. दुकानातल्या बाईने माझ्याकडे मान वळवली ती वळवलीच. ह्यांनी हात मागे बांधले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं खरं भांडण. आवाज चढवून, दार आपटून.

"तू माझ्या तोंडातला शब्द काढून घेतीस," हे म्हणाले. "चार माणसांत."

"मग बोलायचं ना लवकर. लेक खोकत होती."

"बोलत व्हतो. तुला दम न्हवता."

"मला दम नाही? अकरा वर्षं मी कुणाच्या दमावर काढली? ती तापाने फणफणली तेव्हा कोण होतं घरात? सगळं एकटीने बोलायची सवय तुम्हीच लावलीत मला!"

हे खुर्चीवर बसत म्हणाले, "व्हय. ते खरं हाय."

मला वाटलं होतं ते चिडतील. मला भांडण पुढे न्यायचं होतं, इतकी वर्षं साठलेलं बरंच होतं. पण समोरचा माणूस खरं आहे म्हणाल्यावर काय करणार? मी रडले. त्यांनी चहा केला, आणि तो नेहमीसारखा फौजी, अतिगोड होता. नंतर विचार करताना माझ्या लक्षात आलं की आम्ही याआधी भांडलो नव्हतो, कारण भांडणाला वेळच नव्हता. सुट्टीचे दिवस मोजके. ते रुसण्यात घालवणं परवडत नसे. जो तो आपलं चांगलं तेवढं काढून समोर ठेवायचा आणि उरलेलं पुढच्या सुट्टीपर्यंत तसंच ठेवून द्यायचा.

भांडणाने एकदम सगळं सुधारलं असं झालं नाही. जानेवारी तसाच गेला. मी दुकानात तोंड मिटून उभी राहायला शिकले, आणि ते मला इंजेक्शन टोचण्यापेक्षा अवघड गेलं.

फेब्रुवारीत तिकडे गाई व्यायला लागतात. सगळ्या एकदमच, महिना-दीड महिन्यात. घरमालकाचं अंगण आमच्या खिडकीतून दिसायचं. त्याचा एक खांदा दुखावलेला होता आणि मदतीला येणारा माणूस नोकरी सोडून शहरात गेला होता. एका शनिवारी सकाळी हे लेकीला घेऊन चालायला निघाले होते. मी सुट्टीवर, घरात पोळ्या लाटत होते. दहा मिनिटांत लेक धावत परत आली. "मम्मी, पप्पांनी जॅकेट काढून टाकलंय आणि ते गाईच्या मागे बसलेत!"

मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. गोठ्यात एक काळी-पांढरी गाय आडवी, वासराचे मागचे पाय आधी बाहेर आलेले. घरमालक एका हाताने दोर धरून होता, दुसरा हात वर उचलत नव्हता. हे गुडघ्यांवर बसून दोर मनगटाला गुंडाळत होते.

घरमालक काही बोलला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लेकच म्हणाली, "पप्पा, ते म्हणतात ती कळ देईल तेव्हाच ओढायचं."

"त्येला सांग, ठावं हाय. आणि एकदा ओढायला लागलो की थांबायचं न्हाई म्हणावं, वासरू आत गुदमरंल."

लेकीने सांगितलं. घरमालकाने ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यालाही ते माहीत होतं, ऐंशी गाईंचा माणूस तो. त्याला फक्त दोन हात हवे होते. गाईने कळ दिली आणि दोघांनी मिळून ओढलं. पुन्हा कळ, पुन्हा ओढ. वासरू एकदम गवतावर येऊन पडलं, ओलं, निपचित. श्वास नाही. घरमालकाने त्याच्या कानात गार पाणी ओतलं. ह्यांनी गवताची काडी नाकपुडीत फिरवली आणि मूठभर गवत घेऊन बरगड्या घासायला लागले, जोरजोरात, तोंडाने "चल, चल रं गड्या, चल" चालूच. वासरू शिंकलं. मग मान हलवली.

लेक आळीपाळीने वासराकडे आणि बापाकडे बघत होती. गावी म्हैस व्यायची तेव्हा हे कुठल्यातरी सरहद्दीवर असायचे, त्यामुळे तिने त्यांना असं काही करताना कधी पाहिलंच नव्हतं. "पप्पा, तुम्हाला हे कसं येतं?" तिने विचारलं.

"तुझ्या आजीनं शिकवलंय."

सोमवारी सकाळी घरमालक आमच्या दारात आला आणि ह्यांच्याशीच बोलला, हळू पण नेहमीच्या आवाजात. रोज सकाळी सहा ते दहा, दूध काढायला आणि वासरांना पाजायला याल का? ह्यांनी उत्तर दिलं, "आय विल कम. फाइव्ह फॉर्टीफाइव्ह." मी स्वयंपाकघरातच थांबले.

हे आत्यांना सांगायचं कसं, यात आमचे दोन दिवस गेले. शेवटी व्हिडिओ कॉलवर ह्यांनीच सांगितलं. आत्या म्हणाल्या, "एवढं इमानात बसून, समुंदर वलांडून शेणच काढायचं व्हतं, तर हितल्या म्हशी काय वाईट व्हत्या रं?"

"आई, हितं शेण मशीन काढतंय."

"मग तू काय करतूस?"

"मी मशीन चालू करतो."

त्या हसल्या, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. चुन्याने आखलेल्या त्या गोठ्याची जागा त्यांच्या मागे दिसत होती, तिथे आता गवत वाढलं होतं. पोरगा गोठ्यातच राबणार होता, फक्त आपल्या नाही, दुसऱ्याच्या, हे त्यांना इतक्या लांबूनही कळत होतं. फोन बंद झाल्यावर माझ्या मनात आलं की यांना तिथून उपटून मी इथे आणलं आणि शेवटी दुसऱ्याच्या गाईंपाशी उभं केलं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तिथं असतो तर तू रोज साताऱ्याला आणि मी रानात. पोरगीला संध्याकाळी मी दिसलो असतो, पर तिला मी कळलो नसतो. हितं तिला माझ्याबिगर आणि मला तिच्याबिगर कोण हाय?" आणि मग त्यांच्या पद्धतीने विषय संपवला, "बास. चपला आत घे, पाऊस येतोय."

लेकीने त्यांना इंग्रजी शिकवायला घेतलं. शाळेतून गोष्टींची पुस्तकं आणायची आणि दुपारी बापाला मोठ्याने वाचायला लावायची. चुकलं की डोळे वटारायची. ती शिस्त मात्र हे निमूट पाळायचे. तिचं मराठी त्या काळात थोडं विस्कटलं. "पप्पा, गाईला दूध खूप झालं आहे" असं काहीतरी विचित्र बोलायची. हे दुरुस्त करायचे आणि ती त्यांचं इंग्रजी दुरुस्त करायची. दोघांचंही पुरतं कधी बरोबर आलं नाही.

मे महिन्यात आत्या घरामागच्या परड्यात घसरून पडल्या. मनगट मोडलं. शेजारच्या काकूंनी त्यांना साताऱ्याला नेलं. मी इकडून डॉक्टरांशी फोनवर बोलले, एक्स-रे बघितला, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. त्या दिवशी वॉर्डात एका म्हातारीला भरवताना मनात आलं, हिला मी चमच्याने सूप भरवते आहे, आणि आमच्या घरात डाव्या हाताने भाकर-आमटी कालवून खाणारी बाई एकटी. कामावर असं काही मनात येऊ द्यायचं नसतं. येतं.

हे तीन आठवड्यांसाठी गावी गेले. घरमालकाने स्वतःहून सांगितलं, जा, मी बघतो. ते जाताना मला वाटलं होतं की काय अवघड आहे, मी तर अकरा वर्षं ह्यांच्याशिवाय घर चालवलं आहे. पण रात्री जेवायला बसले की कुणी विचारायला नव्हतं, उद्याची ड्युटी किती ते किती. एकदा मी उगीचच फोन करून ह्यांना सांगितलं, आज सात पेशंट होते. पलीकडून हे म्हणाले, "हितं मला करमंना. सगळे चहाला बोलवत्यात, कवा जाणार म्हणून इचारत्यात. आपल्याच गावात पाव्हणा झालोय गं मी."

"मग आत्यांना घेऊन या."

"इचारलं. म्हनली, ऊस कोण बघणार. आणि तुमच्यातली थंडी मला न्हाई सोसायची."

जूनमध्ये माझं एक वर्ष पुरं झालं. हे परत आले, आत्यांनी दिलेली नव्या सालची चटणी घेऊन. घरमालकाने घराचा करार पुढच्या वर्षासाठी वाढवला. आत्या येत नाहीत त्या नाहीतच. शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ डोकावतात आणि वाटेकऱ्याने ऊस करायला घेतला आहे. हा काही कायमचा उपाय नाही, हे आम्हा चौघांनाही ठाऊक आहे. त्यावर आम्ही बोलतो, ठरवतो, आणि पुढच्या सुट्टीवर ढकलतो.

परवा आत्यांचा फोन आला. मनगटाचं विचारलं तर म्हणाल्या, "जुळलंय. पर भाकरी गोल हुईत न्हाई आता पैल्यासारकी."

मी म्हटलं, "आत्या, माझी तर कधीच गोल झाली नाही."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "खाल्लीया की अकरा वर्षं."